बारा जणींची नौका

पाश्चात्य दर्यावर्द्यांची एक जुनी समजूत अशी, कीं जहाजावर स्त्रीचें पाऊल पडलें म्हणजे दर्या खवळतो. गंमत ही, कीं हेच खलाशी जहाजाचा उल्लेख मात्र स्त्रीलिंगी सर्वनामानें करीत आणि त्याच्या नाळेवर लांकडाची स्त्रीमूर्ति बसवीत. जहाज स्त्री चालत असे. जहाजावर स्त्री चालत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही समजूत उघडपणें बोलून दाखविण्याची सोय राहिली नव्हती. म्हणून तिनें एक सभ्य वेष घेतला. ‘स्त्रिया अशुभ आहेत’ असें आतां कोणी म्हणत नव्हतें. ‘स्त्रियांना अनुभव नाहीं’ असें म्हणत होते.

शिडांच्या नौकांच्या खेळांत स्त्रिया मुळींच नव्हत्या असें मात्र नव्हे. १९०० सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ‘लेरिना’ नांवाच्या नौकेवर आपल्या पतीसमवेत उतरलेली एलेन द पूर्तालेस ही ऑलिंपिकमध्यें विजयी झालेली पहिली स्त्री होय. १९७३ सालीं व्हिटब्रेड या बीअर करणाऱ्या इंग्रज कंपनीच्या नांवानें पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत सुरू झाली व पुढें दर चार वर्षांनीं होऊं लागली. तिच्या दुसऱ्याच खेपेस, म्हणजे १९७७-७८ सालीं, क्लेअर फ्रान्सिस या इंग्रज बाईनें एका नौकेचें नायकत्व करून पांचवा क्रमांक पटकाविला होता. पण तिच्या हाताखालीं पुरुष होते. सबंध नौकाच स्त्रियांनीं चालवावी, नाळेपासून सुकाणूंपर्यंत एकहि पुरुष असूं नये, ही कल्पना निराळी होती. आणि ती जिच्या डोक्यांत आली ती ट्रेसी एडवर्ड्स ही त्यापूर्वीं एका शर्यतींत स्वयंपाकीण होती.

ट्रेसीचा जन्म १९६२ सालचा, इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यांतला. वडील ती लहान असतांनाच वारले. शाळेशीं तिचें कधीं पटलें नाहीं, आणि अखेर शाळेनेंच तिला बाहेरची वाट दाखविली. मोठा भागाकार शिकण्यापूर्वींच आपली शाळा सुटली, असें ती पुढें हंसत सांगे. मग ग्रीसच्या किनाऱ्यावर भाड्यानें देण्याच्या क्रीडानौकांवर पाहुण्यांची सरबराई करण्याचें काम तिला मिळालें. अशाच एका नौकेच्या नायकानें अटलांटिक ओलांडण्याच्या प्रसंगीं तिला नकाशावरून वाट काढण्याची विद्या शिकविली. आणि वर्गांत जें गणित डोक्यांत शिरत नव्हतें तें समुद्रावर सहज शिरलें. गणिताचा उपयोग समोर दिसूं लागला म्हणजे असें पुष्कळांचें होतें.

१९८५-८६ च्या शर्यतींत ‘अटलांटिक प्रायव्हेटियर’ या नौकेवर तिला जागा मिळाली, ती भंडाऱ्याची. जहाजावरच्या स्वयंपाक्याला मुंबईचे खलाशी भंडारी म्हणतात, तीच ही जागा. पुरुषांच्या टोळीला रांधून वाढणें हें तिचें काम. नकाशांच्या टेबलाशीं बसण्याचा मान दुसऱ्याचा. पुढच्या शर्यतींत आपल्याला वाट काढण्याचें काम मिळावें अशी तिची इच्छा होती. पण तें काम एका स्त्रीच्या हातीं देण्यास कोणी तयार होईल अशी आशा तिला दिसेना. अनुभव नाहीं म्हणून नौकेवर घेत नाहींत, आणि नौकेवर घेत नाहींत म्हणून अनुभव मिळत नाहीं, अशा या चक्रांतून बाहेर पडण्यास तिला एकच वाट सुचली. नौका आपली स्वतःची असली म्हणजे परवानगी मागावी लागत नाहीं.

नौका स्वतःची करावयाची तर पैसा पाहिजे. तिनें कंपन्यांचीं दारें ठोठावलीं. नकारामागून नकार आले. दक्षिण महासागरांत बारा स्त्रिया बुडाल्या तर त्यांच्या शिडावर आपलें नांव असावयाचें, ही भीति त्या नकारांच्या मुळाशीं होती. शेवटीं ट्रेसीनें आपलें घर गहाण टाकलें आणि एक जुनी नौका विकत घेतली. न्यूझीलंडचा विख्यात रचनाकार ब्रूस फार यानें आंखलेली ही अल्युमिनियमची ५८ फुटी नौका १९८१-८२ च्या शर्यतींत स्विस खलाशांना घेऊन पृथ्वीभोंवतीं फिरून आलेली होती. आतां ती पार मोडकळीस आली होती. या स्त्रियांनीं तिचा सांगाडा उघडा केला, घासला, रंगविला. नळ, पंप, विजेच्या तारा यांची जोडणीहि पुष्कळशी आपल्या हातांनींच केली. गरिबीनें हें करावयास लावलें खरें, पण त्याचा लाभ पुढें झाला. मध्यसमुद्रांत पंप बंद पडला तर कारागीर बोलावितां येत नाहीं. ज्या हातांनीं नळ बसविला त्या हातांना तो अंधारांतहि सांपडतो.

मोठा आधार मिळाला तो अगदीं अनपेक्षित दिशेनें. नोकरीच्या दिवसांत एका क्रीडानौकेवर जॉर्डनचे राजे हुसेन पाहुणे म्हणून आले असतां त्यांची व ट्रेसीची ओळख झाली होती. या मुलीची जिद्द राजांच्या ध्यानांत राहिली होती. त्यांच्या देशाच्या रॉयल जॉर्डेनियन या विमान-कंपनीनें खर्चाचा मुख्य भार उचलला. इंग्लंडमधील स्त्रियांच्या पाठीशीं त्यांच्या देशांतील धनिकांनीं उभें राहूं नये आणि एका अरब राजानें उभें राहावें, ही हकीकत, पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्यें स्त्रीस्वातंत्र्याची सरळ रेघ ओढणाऱ्यांनीं अवश्य विचारांत घ्यावी. १९८८ सालीं यॉर्कच्या डचेसच्या हस्तें नौकेचें नामकरण झालें. नांव ठेविलें ‘मेडन’, म्हणजे कुमारिका.

वृत्तपत्रांना हें सर्व प्रकरण मोठें करमणुकीचें वाटलें. एका प्रतिष्ठित इंग्रजी दैनिकाच्या नौकानयन-बातमीदारानें तर या नौकेची संभावना ‘पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या उठवळ बायका’ अशा अर्थाच्या शब्दांनीं केली. पुरुष नायकांना वारा, शिडें आणि डावपेंच यांविषयीं प्रश्न विचारले जात. या बायकांना विचारीत, कीं नौकेवर तोंडाला लावावयाची पावडर किती नेणार, आणि आपसांत भांडणें कितपत होणार? पहिल्या बंदरापर्यंत तरी त्या पोंचतात कीं नाहीं, याविषयीं पैजा लागल्या होत्या असेंहि सांगतात.

भांडणाविषयींची भविष्यवाणी अगदींच निराधार ठरली नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. शर्यत सुरू होण्यास थोडेच दिवस उरले असतां ट्रेसीचें तिच्या अनुभवी उपनायिकेशीं फाटलें, आणि ती उपनायिका नौका सोडून गेली. दोघींचाहि स्वभाव करारी. एका सुकाणूंवर दोन हात फार दिवस टिकत नाहींत. या घटनेचा परिणाम असा झाला, कीं नायिका आणि वाट काढणारी अशीं दोन्हीं कामें ट्रेसीच्याच अंगावर पडलीं. इतर नौकांवर हीं दोन कामें बहुधा दोन माणसें करीत. एकानें माणसें सांभाळावीं, दुसऱ्यानें नकाशा. ज्या टेबलाशीं बसावयास मिळावें म्हणून तिनें एवढा खटाटोप केला होता, तें तिला मिळालें. पण झोंप गेली.

२ सप्टेंबर १९८९ रोजीं साउदॅम्प्टनहून तेवीस नौका निघाल्या. मार्ग सहा टप्प्यांचा आणि एकंदर सुमारें ३२,००० सागरी मैलांचा होता. उरुग्वेंतील पुंता देल एस्ते, तेथून ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडांतील ऑकलंड, मग केप हॉर्नला वळसा घालून पुन्हां पुंता देल एस्ते, पुढें अमेरिकेंतील फोर्ट लॉडरडेल, आणि परत साउदॅम्प्टन. नौकांचे आकारमानाप्रमाणें गट पाडलेले होते. सर्वांत मोठ्या नौकांपैकीं पीटर ब्लेक याची ८४ फुटी ‘स्टाइनलागर २’ हिनें तर सहाहि टप्पे जिंकले. तिच्याशीं ‘मेडन’ची तुलना करणें म्हणजे तट्टाला आगगाडीबरोबर धांवविणें होय. ‘मेडन’ची खरी स्पर्धा लहान नौकांच्या ‘डी’ गटांत होती. निघाल्यावर तिसऱ्या दिवशीं नायिकेला सत्तावीस वर्षें पुरीं झालीं.

पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतींतील दैनंदिन जीवन म्हणजे काय, याची कल्पना किनाऱ्यावरून येणें कठीण. अठ्ठावन फूट लांबीच्या नळकांड्यांत बारा माणसें महिना-महिना राहतात. त्यांचे गट पाडलेले असतात. एक गट वर, दुसरा खालीं, आणि दर थोड्या तासांनीं पाळी बदलावयाची. रात्र आणि दिवस हा भेद उरत नाहीं, उरते ती आपली पाळी आणि दुसऱ्यांची पाळी. उठणारीनें ऊब केलेल्या बिछान्यांत येणारीनें शिरावें. ओझें वाढलें कीं गति मंदावते, म्हणून अन्न सुकविलेलें, पाणी घालून फुगवावयाचें. दोन महिन्यांनीं त्याचें नांव काढलें तरी नकोसें होतें. कपडा एकदां समुद्राच्या पाण्यानें भिजला म्हणजे खऱ्या अर्थानें तो पुन्हां वाळतच नाहीं, कारण त्यांतलें मीठ हवेंतला ओलावा ओढून घेत राहतें. अशा कपड्यांत चार तास सुकाणूंवर काढून खालीं यावें, डोळा लागतो न लागतो तोंच वर शीड बदलण्याची हांक यावी, आणि पुन्हां तेच ओले बूट चढवावे. यांत शौर्य दिसण्यासारखें फारसें नसतें. सोशीकपणा, नीटनेटकेपणा, आणि शेजारणीच्या कुरकुरीकडे कानाडोळा करण्याची संवय, हे गुण मात्र क्षणोक्षणीं लागतात. घरगृहस्थींत हेच गुण स्त्रियांच्या अंगीं उपजत असतात असें जे म्हणत, त्यांनाच नौकेवर ते गुण दिसेनासे कसे झाले, हें कोडें आहे.

या बारा जणींत व्यवसायानें डॉक्टर असलेली क्लेअर रसेल होती, अमेरिकेची डॉन राइली होती, आणि ट्रेसीची बालमैत्रीण जो गुडिंग होती. जोकडे भंडारखातें होतें. शिवाय तिच्या हातीं चलच्चित्रें टिपण्याचें एक यंत्र दिलें होतें. चुलीवर भांडें चढवावें, आणि वर गडबड झाली कीं यंत्र घेऊन धांवावें, असा तिचा दुहेरी संसार. २०१८ सालीं ॲलेक्स होम्स या दिग्दर्शकानें ‘मेडन’ हा चित्रपट तयार केला, त्याचा आधार म्हणजे हींच चित्रें. नाहींतर या प्रवासाचा इतिहास किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बातमीदारांनीं लिहिला तेवढाच उरता.

पहिल्या टप्प्यांत ‘मेडन’ला विशेष चमकतां आलें नाहीं. दुसरा टप्पा सर्वांत लांब, ७,२०० सागरी मैलांहून अधिक, आणि सर्वांत क्रूर. सपाट नकाशावर पुंता देल एस्तेहून फ्रीमँटलला जावयाचें तर सरळ पूर्वेकडे रेघ ओढावी असें वाटतें. पण पृथ्वी गोल आहे. नारळावर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्यें दोरा ताणून धरला तर तो देंठाकडे झुकतो, त्याप्रमाणें या दोन बंदरांमधला जवळचा मार्ग दक्षिण ध्रुवाकडे झुकतो. जितकें दक्षिणेस जावें तितकें अंतर कमी आणि वारा अधिक. परंतु तितकीच थंडी कडक आणि बर्फ जवळ. मोठ्या हिमनगाचें फारसें भय नसतें, तो दिसतो. त्यापासून तुटलेले, पाण्याच्या पातळीशीं डुंबत राहणारे लहान ढिगारे रडारच्याहि दृष्टीस पडत नाहींत, आणि नौकेचा पत्रा फाडण्यास तेवढे पुरेसे होतात. अशा प्रदेशांत किती खोल शिरावयाचें, हा निर्णय ट्रेसीला एकटीला करावयाचा होता. तिनें दक्षिणेची वाट धरली. हवामानाचे नकाशे यंत्रावर उमटत, ते वाचून ती शिडांची व दिशेची आज्ञा देई. आणि सुकाणूंवरच्या मुली, बोटें बधिर झालेलीं असतांहि, डोंगराएवढ्या लाटांच्या उतारावरून नौका हांकीत.

याच टप्प्यांत दुसऱ्या एका ब्रिटिश नौकेवर अनर्थ ओढवला. ‘क्रेटन्स नॅचरली’ या नौकेवरील दोघे पुरुष लाटेनें समुद्रांत फेंकले गेले. दोघांनाहि वर काढण्यांत आलें, पण एकाचे प्राण वांचले नाहींत. दुसऱ्याचें शरीर गारठून गेलें होतें. त्याला हळूहळू ऊब कशी द्यावी, काय करावें व काय करूं नये, हें बिनतारी यंत्रावरून सांगत बसली ती ‘मेडन’वरील डॉक्टर क्लेअर रसेल. तो मनुष्य जगला. आंकड्यांच्या तक्त्यांत या कामगिरीची नोंद नाहीं.

सुमारें पांच आठवड्यांनीं ‘मेडन’ फ्रीमँटलला पोंचली, ती आपल्या गटांत पहिली. बंदरावर जमलेल्यांना क्षणभर विश्वास बसेना. ऑकलंडपर्यंतचा तिसरा टप्पाहि तिनेंच जिंकला. पहिला विजय नशिबाचा मानतां येतो. दुसरा मानतां येत नाहीं. ज्या बातमीदारानें डब्याची उपमा दिली होती त्यानेंहि आपले शब्द सुधारले. बायका त्याच राहिल्या, डबाहि तोच राहिला. मात्र त्या हुशार आणि वेगवान असल्याचें त्यानें कबूल केलें. मोठ्या माणसांची माफी कधीं कधीं अशीच अर्धवट असते.

यश येथवर आलें आणि थांबलें. केप हॉर्नकडच्या चौथ्या टप्प्यांत नौकेंत पाणी शिरूं लागलें. पाणी उपसावें कीं शिडें सांभाळावीं अशी स्थिति झाली. प्रतिस्पर्धी नौका पुढें निघून गेल्या आणि गटांतली आघाडी हातची गेली. पुढच्या टप्प्यांत अटलांटिकवरच्या निर्वात पट्ट्यानें आणखी दिवस खाल्ले. दोन विजयांनंतर असें मागें पडणें ट्रेसीच्या मनाला फार लागलें. फोर्ट लॉडरडेलच्या बंदरांत शिरतांना सगळ्या जणी पोहण्याच्या पोशाखांत डेकवर उभ्या राहिल्या, आणि त्यांचें तें छायाचित्र जगभर छापलें गेलें. आपण किती मागें पडलों आहों याकडे लोकांचें लक्ष जाऊं नये म्हणून ही युक्ति होती. या युक्तीबद्दल पुढें टीका झाली. पण फ्रीमँटलच्या विजयाला वृत्तपत्रांनीं जेवढी जागा दिली नसेल तेवढी या छायाचित्राला दिली, यांत दोष डेकवर उभ्या राहणाऱ्यांचा किती आणि पाहणाऱ्यांचा किती?

२८ मे १९९० रोजीं ‘मेडन’ साउदॅम्प्टनला परतली. वारा मंद होता. त्यामुळें शेवटचे मैल फार सावकाश कापले गेले, आणि तेवढ्या वेळांत किनाऱ्यावरून शेंकडो लहान-मोठ्या होड्या निघून तिच्याभोंवतीं जमल्या. तिचा गटांत दुसरा क्रमांक आला. पहिला क्रमांक एका फ्रेंच नौकेनें नेला. हजारों लोक टाळ्या वाजवीत असतां नायिकेच्या मनांत मात्र पहिला क्रमांक हुकल्याची खंत होती, असें तिनें पुढें प्रांजळपणें सांगितलें आहे. लोक पाहत होते तें बारा जणी जिवंत परत आल्याचें नवल; ती मोजत होती हरवलेले तास. तिच्या दृष्टीनें ती स्त्रियांची सफर नव्हतीच, ती शर्यत होती. त्या वर्षीं नौकानयन-बातमीदारांच्या संघाचें वार्षिक पारितोषिक तिला मिळालें. तोंपर्यंत तें कोणाहि स्त्रीला मिळालेलें नव्हतें, आणि त्याचें नांवहि ‘वर्षाचा नौकापुरुष’ अशाच अर्थाचें होतें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. नौका विकावी लागली. डॉन राइली हिनें १९९३-९४ च्या शर्यतींत ‘हाइनिकेन’ या स्त्रियांच्या नौकेचें नायकत्व केलें. मात्र या शर्यतीचा एखादा टप्पा स्त्रियांच्या नौकेनें पुन्हां जिंकण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. ती नौका ‘टीम एससीए’. दरम्यान ‘मेडन’ या मालकाकडून त्या मालकाकडे जात जात सेशल्स बेटांत बेवारशी पडली होती. २०१४ सालीं हें ट्रेसीला कळलें. तिनें पैसा उभारून ती सोडविली, २०१७ सालीं इंग्लंडला आणविली, आणि राजे हुसेन यांची कन्या राजकन्या हया हिच्या साहाय्यानें तिची पुन्हां डागडुजी करविली. यानंतर मुलींच्या शिक्षणासाठीं निधि जमविण्याच्या कामीं ती नौका पृथ्वीभोंवतीं फिरली.

पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षें झालीं त्या निमित्तानें १० सप्टेंबर २०२३ रोजीं साउदॅम्प्टनहून एक जुन्या धर्तीची शर्यत निघाली. उपग्रहांवरून वाट दाखविणारीं यंत्रें वर्ज्य. सेक्स्टंट हातीं घ्यावा, सूर्य आणि तारे पाहावे, कागदी नकाशावर पेन्सिलीनें खूण करावी, असा नियम होता. तींत ‘मेडन’हि होती, आणि पुन्हां स्त्रियांचीच. नायिका हेदर थॉमस. खलाशांत भारतीय नौदलांतून आलेल्या पायल गुप्ता होत्या. गोव्यांत बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेंतून १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहूनच निघून २१ मे २०१८ रोजीं परतलेल्या, पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांपैकीं त्या एक. ती प्रदक्षिणा होती, शर्यत नव्हती. आणि ‘तारिणी’वर आपलें स्थान यंत्रावर वाचतां येत होतें. ‘मेडन’वर मात्र आकाश ढगाळलें कीं, सूर्य पुन्हां दिसेपर्यंत आपण नेमके कोठें आहों हें अंदाजानेंच ठरवावें लागे.

१६ एप्रिल २०२४ रोजीं ‘मेडन’नें इंग्लंडच्या किनाऱ्याशीं शेवटची रेषा ओलांडली. नौकेच्या आकाराप्रमाणें वेळेंत सूट देऊन हिशेब केला तेव्हां या खेपेस तिचा क्रमांक पहिला आला. पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत केवळ स्त्रियांच्या नौकेनें जिंकल्याचें त्यापूर्वीं घडलें नव्हतें. ब्रूस फारनें आंखलेला तो अल्युमिनियमचा सांगाडा तेव्हां चाळिशी ओलांडून गेला होता.